खिंडीखालची वही

"आधी नाव लिहा," म्हणत त्याने वही टेबलावरून तिच्याकडे सरकवली आणि टोपण काढून पेन वहीवर आडवं ठेवलं.

"मला वर जायचं नाहीये. मी तुमच्याशी बोलायला आलेय."

"बोला की. पण आधी नाव. या दारातून आत आलेला प्रत्येक माणूस नाव लिहितो आणि जाताना स्वतःच्या हाताने खोडतो. मंत्री आला तरी."

"मंत्री येतात वाटतं इथे?"

"एक आला होता. त्यालाही लिहायला लावलं."

ती काही मंत्री नव्हती. सहावी-सातवीच्या पोरांना भाषा शिकवणारी मास्तरीण होती, आणि दोन दिवस खेचरावर आदळून तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. दारात पाय ठेवल्या ठेवल्या या माणसाला फैलावर घ्यायचं, असं तिने वाटेत शंभरदा घोकलं होतं. त्याऐवजी ती वाकून निमूटपणे नाव, तारीख आणि वेळ लिहीत होती, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. लिहून झाल्यावर तिने पेन असं आपटलं की चुलीजवळ बूट वाळवत बसलेल्या चार पर्यटकांनी माना वळवल्या.

"अक्षर चांगलं आहे," वहीवाला म्हणाला.

त्याला सगळे वहीवालाच म्हणत. मोटारीचा रस्ता संपतो तिथून दोन दिवस वर चाललं की हा दगडी निवारा लागतो, आणि याच्यापुढे माणसाचं असं काही नाही. मागे मुरमाची घसरंड, घसरंडीच्या डोक्यावर काळ्या कातळाची भिंत, भिंतीत एक खिंड, खिंडीपलीकडे बर्फाचं मैदान. खिंडीच्या दोन्ही बाजूंना दोन सुळके. एकाला सासू म्हणतात, दुसऱ्याला सून. दोघींचं एकदा बिनसलं, दोघींनी एकमेकींकडे पाठ फिरवली, आणि दुपारनंतर खिंडीतून जो वारा सुटतो तो म्हणजे त्यांची मनातल्या मनात राहिलेली भांडणं, ही गोष्ट खेचरवाल्याने दोन दिवसांत तिला तीनदा ऐकवली होती. कशावरून बिनसलं, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, ते कधी बाहेरच्याला कळलंय का?" एरवी ती हसली असती.

चुलीजवळची एक मुलगी उठून टेबलापाशी आली. तिच्या हातात घडी घातलेलं रंगीत पत्रक होतं.

"काका, ते पान बघायला मिळेल? ते, न खोडलेल्या नावाचं?"

"नाही."

"पण यात फोटो आहे त्याचा. आम्ही त्याच्यासाठीच तर..."

"एक जण सही करायच्या बहाण्याने फोटो काढून गेला. त्यालाच विचारा. वही जाणाऱ्यांसाठी आहे, बघणाऱ्यांसाठी नाही. बाहेर जाऊन सुळके बघा, ऊन चांगलं आहे."

पत्रकाचं पहिलं पान मास्तरणीला न बघताही पाठ होतं. वर दोन सुळके, मध्ये ढग आणि खाली ठळक अक्षरांत: 'जिथे डोंगर आपल्या आवडत्या माणसाला ठेवून घेतो.' कुठल्याशा प्रवासी कंपनीने ते तीन वर्षांपूर्वी काढलं होतं. घरच्या पत्त्यावर आलं तेव्हा शीर्षक वाचूनच तिने त्याचे चार तुकडे करून कचऱ्यात टाकले होते. आता ते तिच्यासमोर एका अनोळखी पोरीच्या हातात फडफडत होतं.

"आवडता माणूस," ती मोठ्याने म्हणाली. "तो आवडता माणूस माझा दादा आहे. घरी पायजम्याची नाडी सापडायची नाही त्याला. बघून झालं असेल तर जा आता बाहेर."

मुलगी चपापली. चौघांनी ओले बूट तसेच पायांत चढवले आणि दार ओढून घेतलं. खोलीत चूल, टेबल, भिंतीवरचा फोन, फळीवर वर्षानुवर्षांच्या वह्यांची रांग आणि ती दोघं एवढंच उरलं.

"गिऱ्हाईक पळवलंत माझं," वहीवाला म्हणाला. त्याने चुलीवरची किटली उतरवली, एका पेल्यात चहा ओतला आणि तो स्वतःच प्यायला लागला.

"तुम्ही मला ओळखलंत."

"नाव वाचलं ना आत्ता. आडनाव तेच आहे. आणि आज गुरुवार. चारला तुमच्या आईचा फोन येणार. ते बघूनच आला असाल."

ते बघूनच ती आली होती. नऊ वर्षं दर गुरुवारी चार वाजता आई या निवाऱ्याला फोन लावायची. लागला नाही तर पुन्हा पुन्हा लावायची. आणि नऊ वर्षं दर गुरुवारी चारला ती स्वतः चपला घालून घराबाहेर पडायची, कारण त्या फोनचा एक शब्दही तिला ऐकवत नव्हता. दादा गेला हे मान्य करून ती केव्हाच मोकळी झाली होती, रडूनही झालं होतं. आई मात्र या माणसाच्या एका शब्दावर लटकून होती. आता आईच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. महिना संपायच्या आत ऑपरेशन केलं नाही तर पुढचं मी सांगू शकत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि आई दवाखान्याच्या कागदावर सही करत नव्हती. "वहीतलं मिटल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही," एवढंच म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

हे सगळं तिने त्याला एका दमात सांगितलं. सांगताना आवाज चढला, तो तिने खाली आणला नाही.

"मग मी काय करू?" तो म्हणाला.

"नाव खोडा."

"मी नाही खोडत. ज्याने लिहिलं त्याने खोडायचं."

"तो येणार नाहीये! तुम्हांलाही माहितीय, मलाही माहितीय. एक रेघ मारायला तुमचं काय जातं? शाळेत पोरगं आलं नाही, गाव सोडून गेलं, की आम्ही हजेरीतून नाव कमी करतो. लाल रेघ मारली की विषय संपला."

"शाळेत संपत असेल." त्याने पेला खाली ठेवला. "इथे रेघ म्हणजे माणूस सुखरूप परत आला. तुमच्या आईने मला विचारलं आणि मी म्हटलं, 'खोडलं', तर तिने काय समजायचं? ती उठेल आणि ताट वाढून दाराकडे बघत बसेल. हेच हवंय तुम्हांला?"

वीस वर्षं हजेरीपट चालवणाऱ्या बाईला हे सुचू नये याची तिला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून तिचा राग आणखी भडकला.

"मग ते पान तरी दाखवा. एवढी लोकं फोटो बघतात. सख्ख्या बहिणीने बघितलं तर डोंगर कोसळणार नाही."

त्याने पेला बाजूला सारला. मग उठला, फळीवरच्या रांगेतून एक वही काढली आणि न चाळता नेमकं पान उघडून तिच्यापुढे ठेवली. स्वतः मात्र खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

तिने पिशवीतून लाल पेन काढलं. तो नाही म्हणाला तरी आपण खोडून मोकळं व्हायचं, हे ती घरून ठरवूनच आली होती. आता खोडायचं कशासाठी, हे तिचं तिलाच कळत नव्हतं, तरी तिने टोपण काढलं. पानाच्या माथ्यावर वहीवाल्याने हवामान लिहिलं होतं: वारा, बर्फ, खिंड बंद. त्याच्याखाली दादाचं नाव. सरळ, उभं, ओळीवर नीट बसवलेलं.

पेन हातातच राहिलं.

दादाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ओळ डावीकडे सुरू व्हायची आणि उजवीकडे पोचेपर्यंत वरच्या ओळीत घुसायची. लहानपणी त्याचा गृहपाठ तिनेच लिहून दिला होता, कारण त्याच्या बाईंना तो वाचता यायचा नाही. पुढे अर्ध्या गावाच्या पोरांच्या वह्या तिने तपासल्या. कुणी कुणाची कॉपी केली, कुणाचा निबंध आईने लिहून दिला, हे ती अक्षरावरून सांगायची. तिने पुन्हा माथ्यावरचं हवामान वाचलं, मग नाव वाचलं.

"हे तुमचं अक्षर आहे."

तो वळला नाही.

"दादाने हे लिहिलेलंच नाही. तुम्ही लिहिलंय."

"हो."

"का?"

"त्याला मी लिहू दिलं नाही. खिंड बंद होती. खिंड बंद असली की मी नाव घेत नाही, आणि नाव घेतलं नाही की माणसं मुकाट्याने खाली जातात. पुस्तकं वाचून आला होता तुमचा भाऊ. खिंडीतून पहाट कशी दिसते ते त्याला बघायचंच होतं. माझ्याशी कडाकडा भांडला. मीही नको ते बोललो. सकाळी उठून बघतो तर अंथरूण रिकामं, बूट नाहीत, आणि बर्फात पावलं, वरच्या दिशेने."

"मग नाव का लिहिलं?"

"खालच्या वस्तीतली माणसं शोधायला निघतात ती वही बघून. तोंडी सांगितलेलं चालत नाही. एकदा असंच कुणाच्या सांगण्यावरून गेली होती, आणि ज्याला शोधत होती तो खाली झोपा काढत होता. दोघांची बोटं गेली त्यात, बर्फाने. तेव्हापासून वहीत नाव नसेल तर कुणी पाऊल उचलत नाही. दोन रात्री वाट बघितली मी. मग लिहिलं."

तिने पान पुन्हा बघितलं. दादाच्या नावाखाली, एकाच तारखेची, पाच नावं होती. पाच वेगवेगळ्या हातांची. चार नावांवर रेघ होती. पाचव्यावर नव्हती. पत्रकातला फोटो पहिल्या ओळीखालीच कापलेला असणार. एक आवडता माणूस जाहिरातीला पुरतो, दोन झाले की लोक घाबरतात. पाचवं नाव एका मुलीचं होतं आणि त्यापुढे वहीवाल्याचं आडनाव होतं. ते तिला माहीत होतं, कारण दारावर लिहिलेलं होतं.

"ही तुमची कोण?"

"मुलगी. त्या पाचांतली सगळ्यात चपळ."

इथे थांबायला हवं होतं. पण नऊ वर्षांचे गुरुवार तिच्या घशाशी आले होते.

"खोटारडे आहात तुम्ही," ती म्हणाली. "आईला सांगता, वहीत आहे तेच मी सांगतो. मोठे सत्यवादी! आणि स्वतःच्या खोट्या ओळीवर स्वतःच्या पोरीला पाठवलंत."

बोलली आणि तिला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. वहीवाला खिडकीपासून परत आला. तिला वाटलं आता हा आपल्याला हाताला धरून बाहेर काढणार. पण तो टेबलाशी बसला, तिच्या हातातलं लाल पेन घेतलं आणि त्याला टोपण बसवून ते तिच्यापुढे ठेवलं.

"ओळ खोटी होती," तो म्हणाला. "माणूस खरा होता. एवढंच मी रोज स्वतःला सांगतो. तुम्ही मला नवीन काही सांगितलेलं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. दोघांनीही घड्याळाकडे बघितलं. चारला दोन मिनिटं कमी होती. आईचं घड्याळ कायम पुढे असायचं.

त्याने रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. आईला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती स्वतःच ओरडून बोलायची, आणि तिचा आवाज त्या खोलीत चुलीपर्यंत पोचत होता.

"अहो भाऊ, माझा पोरगा?" आई विचारत होती.

"तसाच आहे, माई."

"आणि तुमची?"

"तशीच आहे."

तिने टेबलाची कड धरली. नऊ वर्षं आई एकच गोष्ट विचारते असं समजून ती रस्त्याने फिरत राहिली होती. दोन प्रश्न होते, आणि दुसरा तिने कधी ऐकलाच नव्हता, कारण पहिल्याच्या आधीच ती दार आपटून बाहेर पडलेली असायची.

एरवी बहुतेक इथेच फोन ठेवला जात असावा, कारण आई "बरं" म्हणाली. पण वहीवाला म्हणाला, "माई, थांबा." त्याने मास्तरीणबाईकडे बघितलं. तिने नको म्हणायला हात वर केला होता. "तुमच्या मुलाचं नाव त्याच्या हातचं नाही. मी लिहिलं होतं."

तारेतून नुसता वारा ऐकू आला. फोन तुटला असं तिला वाटलं.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "ते रंगीत पत्रक आलं होतं ना, हिने फाडून टाकलं. मी कचऱ्यातून काढून जोडलं. भिंग लावून बघितलं. माझा पोरगा जन्मात कधी ओळीवर लिहायचा नाही."

"तीन वर्षं माहिती आहे तुम्हांला?"

"तो गेला हे तर त्याच वर्षी कळलं होतं. आई आहे मी."

"मग फोन कशाला करत होता?"

"तुमची मुलगी माझ्या पोरापायी गेली. मी विचारायची थांबले तर त्या डोंगरात तिचं विचारणारं दुसरं आहे कोण? ऑपरेशनचं म्हणताय ना सगळे. टेबलावरून उठलेच नाही तर?"

वहीवाल्याचा चेहरा लाल झाला. तो ओरडला, आणि आईला ऐकू यावं म्हणूनच ओरडला असं काही म्हणता येणार नाही.

"माझ्यासाठी तुमचा जीव टांगणीला लावा, असं मी सांगितलं होतं का?"

"आणि खोटं नाव लिहा, असं मी तुम्हांला सांगितलं होतं का?" आईही तितक्याच जोरात ओरडली.

बाहेर पर्यटक एकमेकांचे फोटो काढत हसत होते. खिंडीतला वारा सुटला होता आणि दाराची कडी खडखडत होती.

"लिहिलंत म्हणून पाच माणसं त्याच्यासाठी गेली," आई हळू म्हणाली; हळू म्हणजे तिच्या मानाने. "नाहीतर कुत्रंही गेलं नसतं. हे सांगायचं राहून जात होतं दर वेळी."

त्याने रिसीव्हर तसाच हवेत धरून ठेवला.

"माझी मुलगी तिथे पोचली का?"

"पोचली. पोचल्यापासून भांडतेय."

"भांडणारच. तिला म्हणावं, सोमवारी दवाखान्यात जाईन मी. पण पुढच्या गुरुवारी माझ्या नाका-तोंडात नळ्या असतील. फोन तिने करायचा. दोन्ही विचारायचं. कबूल असेल तरच सही करते."

वहीवाल्याने रिसीव्हर तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. घेतला असता तर तिला रडू आवरलं नसतं, आणि या माणसासमोर तिला रडायचं नव्हतं. तिने फक्त जोरात मान हलवली.

"हो म्हणतेय," त्याने फोनमध्ये सांगितलं आणि रिसीव्हर ठेवला.

जुनी वही त्याने मिटली, फडक्याने पुसली आणि फळीवर तिच्या जागी सरकवली. दादाचं नाव तसंच राहिलं, मुलीचंही. तिने लाल पेन पिशवीत टाकलं. अंधार पडायच्या आत खाली पहिल्या मुक्कामाला पोचायचं तर आत्ताच निघायला हवं होतं, आणि बाहेर खेचरवाला खेचरावर खोगीर आवळत त्या चौघांना सासू-सुनेची गोष्ट सांगत होता.

ती दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"नाव खोडून जा. इथे तुमच्यासाठी मी परत खोटं बोलणार नाही."

ती परत फिरली. तिने त्याचंच पेन उचललं आणि आपल्या नावावर एक रेघ मारली, पट्टीने मारावी तशी सरळ. वेळ लिहिली. पेन या वेळी आपटलं नाही.

"मुलीचं नाव कसं उच्चारायचं?" तिने विचारलं. "घरी काय म्हणायचात तिला?"

त्याने सांगितलं.

तिने मनातल्या मनात ते दोनदा म्हणून बघितलं.

"गुरुवारी चारलाच ना?"

"वारा नसेल तर लागतो," तो म्हणाला आणि चुलीत लाकूड घालायला वाकला. "नाही लागला तर परत लावा."